पुंजारामाचा परळ

नवरात्रात घट सगळ्यांच्याच घरी बसतो. पदमपुऱ्यातल्या मनकर्णाबाईच्या घरीही बसायचा. पळसाच्या पत्रावळीवर काळी माती, मधे पाण्यानं भरलेला मातीचा घट, भोवतीनं पाच धान्यं पेरलेली, वर फुलांची माळ आणि शेजारी नऊ दिवस न विझणारा दिवा. यात नवल काही नाही. नवल होतं ते घटाच्या उजव्या हाताला. तिथं मातीचा एक पसरट परळ असायचा आणि त्यात नुसता गहू पेरलेला असायचा. हा परळ देवीचा नव्हता, तो पुंजारामाचा होता.

पुंजाराम म्हणजे मनकर्णाबाईचा नवरा. पोलीस ॲक्शन झाली त्या वर्षी श्रावणात तो घरातून निघाला. मनकर्णाबाई पोटुशी होती, बाळंतपणाला कुणीतरी जाणतं माणूस हवं म्हणून तो पाचोडहून आपल्या आईला आणायला गेला. डोक्याला रोजचा मळका रुमाल गुंडाळला आणि धुतलेला खुंटीवर ठेवला, हा दसऱ्याला बांधीन म्हणाला. दिवस रझाकारांचे होते, वाटेत कोण कुणाला अडवील याचा नेम नव्हता. पाचोडला तो पोचला नाही. पुढं तीन आठवड्यांत हिंदी फौज आली, निजामाचं राज्य बुडालं, आणि मग दुसऱ्या बाजूनं सूड सुरू झाला. त्या धामधुमीत नदीकाठी माळवं पिकवणाऱ्या एका माणसाची चौकशी कोण करणार? ज्याला विचारावं तो स्वतःचंच कुणीतरी शोधत होता.

त्या साली नवरात्र आलं तेव्हा मनकर्णाबाई दिवस भरत आलेल्या पोटानं घट मांडायला बसली आणि तिला काय सुचलं कोण जाणे, तिनं एका परळात मूठभर गहू वेगळा पेरला. मनात म्हणाली, हा त्यांचा. उगवून उभा राहिला तर ते आहेत. गहू उगवला, चांगला वीतभर उंच झाला. दसऱ्याला घट उठला तेव्हा तिनं ते पिवळंधमक धान कापून खुंटीवरच्या रुमालात तुरा खोवला. तेव्हापासून दर साली परळ, दर साली तुरा. गल्लीतल्या बायका आधी कुजबुजल्या, मग त्यांनाही सवय झाली. शेजारची साळूबाई तर आठव्या माळेला मुद्दाम डोकावून जायची आणि म्हणायची, "यंदा लई उंच आलंय गं मनकर्णा. पुंजाराम हाय कुठं तरी." मनकर्णाबाईच्या कपाळावरचं कुंकू रुपयाएवढं होतं ते तसंच राहिलं.

कार्तिकात झालेली पोर, आवडा, हे बघतच मोठी झाली. तिला बाप म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, परळ ठाऊक होता. दुसऱ्या पोरींचे बाप ओरडायचे, बाजारातून चुरमुऱ्यांचा भत्ता आणायचे. हिचा बाप वर्षातून नऊ दिवस अंधाऱ्या कोपऱ्यात उगवायचा. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण लहानपणी ती खरंच परळाशेजारी बसून त्याला शाळेतल्या गोष्टी सांगत असे. आता ती बारा वर्षांची होत आली होती, सहावीत होती, तशी बोलत नसे. मनात मात्र बोलायची.

त्या वर्षी पितरपाठात काकासाहेब आले. हे पुंजारामाचे थोरले भाऊ, पाचोडला शेती करणारे. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगितलेलं बरं, कारण अशा गोष्टीत थोरल्या दिराला उगाच काळा रंग फासायची रीत आहे. ते दर साली यायचे, वांगी-दोडके पिशवीत भरून न्यायचे, आवडाच्या डोक्यावर हात ठेवायचे, आणि जाताना एकच गोष्ट विचारायचे: यंदा पुंजारामाचं पान वाढायचं का? पितरांना जेवायला वाढतात त्यात त्याचं एक पान. दर साली मनकर्णाबाई नाही म्हणायची.

या खेपेला ते चहा घेऊनही उठले नाहीत. म्हणाले, "बारा वरसं झाली, मनकर्णा. भटजीला विचारलंय म्या. बारा वरसं वाट बघायची, पुढं नाय. पळसाच्या पानाचा पुतळा करायचा, त्येला अग्नी द्यायचा, का मग माणूस सुटतो."

"ते हायेत," मनकर्णाबाई म्हणाली.

"असता तर आला नसता? पाचोड काय विलायतेत हाय?" काकासाहेबांचा आवाज चिरकला. "माय वाट बघू बघू गेली. मी दर साली बापाचं पान वाढतो, आज्याचं वाढतो, आता मायचंबी वाढतो. आन माझा पाठचा भाऊ दारात उभा ऱ्हातो. बारा वरसं उपाशी हाय तो. मला घास जात नाय गिळाया."

चुलीपाशी बसलेली आवडा हे ऐकत होती. बाकी सगळं तिनं पूर्वी ऐकलं होतं, पण बाप उपाशी आहे हे तिला नवीन होतं.

मनकर्णाबाईनं चहाची कपबशी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "घट बसू द्या भावजी. परळ पेरती. यंदा धान उभं नाय ऱ्हायलं तर तुम्ही म्हणताल तसं करू. कुंकू पुसती. पर उभं ऱ्हायलं तर पुन्हा हा इषय काढायचा नाय. कंधीच."

काकासाहेबांनी मान डोलावली. वांगी विसरूनच गेले ते.

आवडाच्या शाळेत शास्त्र शिकवायला नूरमोहम्मद मास्तर होते. निजामाच्या काळात ते हाच विषय उर्दूत शिकवायचे. राज्य बदललं, शाळा मराठी झाली, आणि मास्तरांनी पस्तिशी उलटल्यावर बाराखडी गिरवली. नवे शब्द ते आपल्या वहीत उर्दू लिपीत लिहून ठेवायचे आणि शिकवताना हळूच बघायचे. 'हरितद्रव्य' हा शब्द पाठ करायला त्यांना चार दिवस लागले, असं ते स्वतःच पोरींना सांगून हसवायचे. त्यांचा धाकटा भाऊ फारूख पोलीस ॲक्शननंतरच्या त्या सुडाच्या दिवसांत मारला गेला होता. त्याच्याबद्दल ते शाळेत बोलत नसत.

पितरपाठ संपायला आठवडा होता. मास्तरांनी फळ्यावर एक मोठं पान काढलं आणि विचारलं, "बोला, घरात सगळ्यात आधी कोण उठतं?"

"माय," साऱ्या पोरी म्हणाल्या.

"कशाला?"

"चूल पेटवायला."

"शाबास. झाडाच्या घरातपण चूल असते. कुठे असते?"

कुणी म्हणालं मुळात, कुणी म्हणालं खोडात. मास्तरांनी फळ्यावरच्या पानावर खडू आपटला. "इथे. पानात. प्रत्येक पान म्हणजे एक स्वयंपाकघर. मुळं काय करतात? तुम्ही नदीवरून घागर आणता ना, तशी पाणी आणतात, वरपर्यंत. आणि पानाच्या पोटाला बारीक बारीक तोंडं आहेत, डोळ्याला दिसत नाहीत. त्यातून हवा आत येते. कोणती हवा? आपण नाकातून सोडतो ना, निकामी म्हणून, ती. आता पाणी आलं, हवा आली. स्वयंपाक झाला का?"

"जाळ पायजे," आवडा म्हणाली.

"जाळ पाहिजे. झाडाचा जाळ कोणता? सूर्य. पानात जो हिरवा रंग आहे, ते," मास्तरांनी वहीत बघितलं, "हरितद्रव्य, ते आहे स्वयंपाकी. ते ऊन पकडतं, आणि त्या उन्हाच्या जोरावर पाणी आणि हवा मिळवून साखर बनवतं. त्या साखरेचाच पुढे ऊस होतो, आंबा होतो, गव्हाचा दाणा होतो. आणि स्वयंपाक करता करता जी चांगली हवा उरते ती झाड बाहेर सोडतं. तीच आपण घेतो. आज डब्यात काय आणलंय?"

"भाकर."

"भाकर नाही, बेटा. ऊन आणलंय तुम्ही. ज्वारीनं चार महिने धरून ठेवलेलं ऊन. आपण सगळे ऊनच खातो, फक्त आपल्याला चूल पानासारखी अंगात दिलेली नाही."

मग ते पोरींना बाहेर घेऊन गेले. शाळेच्या मागं निंबाखाली एक फरशी किती वर्षं पडून होती कोण जाणे. चौघींनी मिळून ती सरकवली. आजूबाजूचं गवत हिरवंगार, आणि फरशीच्या कडेखाली घुसलेलं गवत पांढरट पिवळं, लांबच लांब, आडवं पसरलेलं. "पिवळं म्हणजे उपाशी," मास्तर म्हणाले.

"उपाशी हाय तर एवढं लांब कसं झालं?" एकीनं विचारलं.

"ऊन शोधतंय. हात लांब करतंय बिचारं," मास्तर म्हणाले. "उंची म्हणजे तब्येत नव्हे. गव्हाचा दाणा अंधारात पेरा, तोही असाच उंच होईल. दाण्यात त्याच्या आईनं शिदोरी बांधून दिलेली असते, तेवढी खाऊन वाढतो. शिदोरी संपली, ऊन नाही मिळालं, की गेला."

आवडा पुढं सरकली. तिनं विचारलं, "मास्तर, घटातलं धान?"

मुसलमान मास्तरनं देवीच्या घटाबद्दल बोलावं की नाही, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावरून सरकला. पण पोरीनं सरळ विचारलं होतं, आणि त्यांना खोटं शिकवता येत नसे. "तेही तसंच, बाळ," ते हळू म्हणाले.

"ऊन दिलं तर?"

"तर हिरवं होईल. मग आपलं आपण खाईल. कोणाच्या शिदोरीची गरज नाही."

घंटा झाली. फरशी तशीच बाजूला राहिली. आवडा रोज सुटीत जाऊन ते गवत बघायची. चौथ्या दिवशी त्याच्या टोकाला हिरवट छटा आली, आठव्या दिवशी ते ओळखू येईना. ते निंबाच्या सावलीत होतं, पानांतून गाळून आलेलं ऊन त्याला लागत होतं, ही गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली नाही. मास्तरांनीही सांगितली नाही, घंटा झाली होती ना.

घट बसला. परळात गहू पेरला गेला. तिसऱ्या माळेला मोड फुटले, पाचव्याला बोटभर झाले, आणि सातव्या दिवशी सकाळी धान वीतभर उंच, पिवळंधमक उभं होतं. साळूबाई बघून म्हणाली, असं तर बारा वर्षांत आलं नव्हतं. मनकर्णाबाईनं दिव्यात तेल घातलं आणि परळाकडं बराच वेळ बघत बसली.

आवडाही बघत होती. तिला आता उंची दिसत नव्हती, भूक दिसत होती. काका म्हणतात तो बारा वर्षं उपाशी आहे. मास्तर म्हणतात पिवळं म्हणजे उपाशी. दोघं एकमेकांना ओळखतही नाहीत आणि दोघं एकच सांगतात, म्हणजे खरंच असणार. आणि माय दर साली त्याला अंधारात ठेवते, पाणी घालते, उंच झाला म्हणून समाधान मानते. त्याला जेवायला कुणी दिलंच नाही. पोरीच्या मनात हे इतकं सरळ होतं की तिला रडूही आलं नाही, घाई मात्र झाली.

मनकर्णाबाई माळव्याची पाटी घेऊन शहागंजला गेली. घाईत तिचा छोटा तराजू दाराआडच राहिला. आवडानं तो बघितला, पण तिचं लक्ष दुसरीकडं होतं. तिनं परळ दोन्ही हातांनी उचलला, मागच्या अंगणात नेला आणि धुण्याच्या दगडावर ठेवला, जिथं सगळ्यात जास्त ऊन येतं तिथं. वाकून म्हणाली, "खा आता." आणि दप्तर घेऊन शाळेत गेली.

आश्विनातलं ऊन काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. पाऊस सरलेला, आभाळ धुतलेलं, आणि दुपारी दगडावर पाय ठेवावा तर चटका बसतो. मधल्या सुटीत आवडा धावत घरी आली तेव्हा परळातली माती फुटली होती आणि धान भिजलेल्या दोऱ्यासारखं एकमेकांवर पडलेलं होतं. तिनं पाणी घातलं. एकेक पातं बोटानं उभं केलं, ते पुन्हा पडलं. पिवळ्याचं हिरवं झालं नव्हतं, मातकट झालं होतं. तिनं परळ उचलून पुन्हा घटाशेजारी ठेवला, हात पुसले आणि दाराला कडी लावली. दाराआडचा तराजू आता तिथं नव्हता, पण त्या वेळी आवडाला काय दिसत होतं?

संध्याकाळी मनकर्णाबाई आली. पाय धुतले, देवापाशी गेली. आवडा चुलीपुढं पाठमोरी बसून होती. माय ओरडेल, विचारेल, काही तरी होईल. आतून आवाज आला तो एवढाच: "बरं."

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाईनं पाचोडच्या गाडीवाल्याजवळ निरोप दिला, काकासाहेबांना म्हणावं तयारी करा. दसऱ्याला खुंटीवरच्या रुमालात तुरा नव्हता. गल्लीतल्या बायका आल्या, डोळे पुसून गेल्या. साळूबाई तर ओट्यावर बसून रडली. आवडाला आपट्याची पानं हातात धरवेनात. बापाला जेवू घालायला गेले आणि मारून आले, हे एकच वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं. आणि मायचं कुंकू जाणार होतं तेही तिच्याच हातानं.

शाळा उघडली तशी ती मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली. एकदा बोलायला लागल्यावर सगळं बाहेर आलं. परळ, रुमाल, काकांचं बोलणं, धुण्याचा दगड. मास्तर ऐकता ऐकता खुर्चीत खाली बसत गेले.

"या अल्लाह," ते म्हणाले. "मी अर्धाच धडा शिकवला."

त्यांनी तिला सांगितलं. अंधारात वाढलेल्या रोपाची कातडी पातळ असते. त्याच्यात हिरवा स्वयंपाकी तयार व्हायलाही वेळ लागतो. त्याला आधी सावलीत ठेवायचं, मग सकाळचं कोवळं ऊन, मग थोडं थोडं वाढवायचं. एकदम भर उन्हात ठेवलं तर जे जेवू घालतं तेच जाळतं. "फरशीखालचं गवत निंबानं वाचवलं, बेटा. मी सांगायला पाहिजे होतं. तुझी चूक नाही ही. माझी आहे."

शाळा सुटल्यावर ते आवडाबरोबर पदमपुऱ्यात आले. मनकर्णाबाई ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती. तिनं उठून पदर सावरला, घोंगडी टाकली. आवडा आत जाऊन दाराआड उभी राहिली.

"मनकर्णाबाई, मी एक कबुली द्यायला आलो," मास्तर बसायच्या आधीच म्हणाले. "तुमचं धान आपोआप पडलं नाही. पोरीनं ते उन्हात ठेवलं. माझं ऐकून ठेवलं. मी शिकवण्यात कसूर केली. त्यात कुणाच्या जगण्या-मरण्याचा इशारा नाही. उन्हानं गहू जळाला, बस. तुम्ही त्याच्यासाठी कुंकू पुसू नका."

मनकर्णाबाईनं जुडीची गाठ मारली. "मला म्हाईत हाय, मास्तरसाब," ती म्हणाली.

"पोरीनं सांगितलं?"

"नाय. म्या बघितलं." ती हातातल्या जुडीकडं बघून बोलत होती. "तराजू घरी ऱ्हायला म्हणून माघारी आले व्हते. मागल्या अंगणात परळ दिसला. धान उभं व्हतं तवा. माना टाकाया लागलं व्हतं नुसतं. उचलून सावलीला ठिवलं असतं तर तगलं असतं. वांग्याची रोपं लावती मी, रोप कंधी जळतं आन कंधी जगतं एवढं कळतं मला."

मास्तर घोंगडीवर खाली बसले.

"हात फुडं केला व्हता म्या. मग तसाच ऱ्हायला." तिचा आवाज आता हलला. "दरसाली उंच यायचं. लोक म्हणायचे उंच आलंय, मीबी म्हणायची. पर उंच कशानं येतं ते काय मला ठावं नव्हतं? अंधारानं येतं. बारा वरसं म्या त्यांला अंधारात उभं केलं, मास्तरसाब. मरू दिलं नाय आन जेवूबी दिलं नाय. मी थकले. माझ्या हातानं ते मोडलं नसतं. पोरीच्या हातानं व्हत व्हतं, ते म्या होऊ दिलं. तराजू घेतला आन गेले बाजाराला. त्या दिशी समदं माळवं खपलं, बघा."

मग मास्तर म्हणाले, "फारूखची खबर मला दोन दिवसांत मिळाली होती. माती दिली. तेव्हा वाटायचं, ज्यांना खबर नाही ते नशीबवाले. त्यांना आशा तरी आहे." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मला माहीत नव्हतं बहन, की असं असतं."

ते गेले. मनकर्णाबाईनं दिवा लावला आणि आत वळली तर आवडा समोर उभी. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता. आपण बापाला मारलं नाही हे कळून छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि त्याच जागी दुसरा बसला होता.

"तू माझ्या हातानं करून घेतलंस," ती म्हणाली.

दुसरी कुणी आई असती तर तिनं काही तरी समजूत घातली असती. मनकर्णाबाईनं घातली नाही. "व्हय," ती म्हणाली. "आन चार दिस तुला जळू दिलं, बोलले नाय. तेबी चुकलं. मला तोंड नव्हतं." मग तिनं पोरीला जवळ ओढलं. आवडा आधी ताठ राहिली, मग राहिली नाही. बाप गेल्याबद्दल त्या दोघी एकत्र रडल्या त्या पहिल्यांदाच, बारा वर्षांनी.

भटजींनी काढून दिलेल्या दिवशी काकासाहेब आले. ओल्या पोत्यात गुंडाळून पळसाची पानं आणली होती, अजून हिरवीगार. खाम नदीच्या काठी बसून त्यांनी आणि भटजींनी त्या पानांचा माणूस केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. काकासाहेबांनी खुंटीवरचा रुमाल मागून घेतला. तो झटकला तेव्हा त्यातून बारा वर्षांचे वाळलेले तुरे भुरभुर खाली पडले. त्यांनी तो रुमाल नारळाला गुंडाळला, अगदी धाकट्या भावाला लग्नात बांधावा तसा, आणि मग ओक्साबोक्शी रडले.

बायका अलीकडच्या काठाला बसल्या होत्या. अग्नी दिल्यावर साळूबाईनं मनकर्णाबाईच्या बांगड्या दगडावर फोडल्या, आणि पदर नदीत भिजवून तिच्या कपाळावरचं कुंकू पुसलं. दोनदा पुसावं लागलं. सूर्य डोक्यावर आला होता.

आवडा मायकडं बघत होती. मायचा सगळा चेहरा उन्हानं रापलेला, काळाभोर. नदीकाठच्या वाफ्यांत इतकी वर्षं राबून दुसरं काय होणार? पण कपाळाच्या मधोमध, जिथं कुंकू होतं तिथं, रुपयाएवढी गोल जागा फिकट होती. फरशीखालच्या गवतासारखी. इतक्या वर्षांत तिला ऊन लागलंच नव्हतं.

आवडा उठली आणि मायच्या पुढ्यात जाऊन बसली. तिनं मायच्या डोक्यावरचा ओला पदर धरला आणि पुढं ओढून कपाळ झाकलं.

"काय करतीस गं?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"लई ऊन हाय, माय," आवडा म्हणाली. "एकदम नको."

मनकर्णाबाईनं पोरीकडं बघितलं. पदर तिनं मागं सारला नाही. पलीकडच्या काठावर पानं जळत होती, ओली होती म्हणून धूर फार होता, आणि आवडा दोन्ही हातांनी तो पदर तसाच धरून बसली होती.